बटण लावायला कोणी शिकवायचं?

"शाळेत त्रिकोणमिती शिकवली, पण कर्जाचा हप्ता कसा ठरतो ते कुणी सांगितलं नाही." ही तक्रार जुनी आहे आणि तिचं उत्तरही ठरलेलं: "मग आईबाप कशाला आहेत?" शिक्षक म्हणतात, समाजाला जे जे जमत नाही ते आमच्या माथी मारू नका. पालक म्हणतात, दिवसभर मूल तुमच्याकडे असतं, आम्हाला सवड कुठे आहे. दोघांचंही खरं आहे. पण दोघेही एक गोष्ट न तपासता धरून चालले आहेत. कौशल्य म्हणजे एखादी पुडी आहे आणि प्रश्न फक्त ती मुलाच्या हातात कोणी द्यायची एवढाच आहे, असं दोन्ही बाजूंना वाटतं.

हे किती चुकीचं आहे ते पाहायला एक साधं काम पुरे: शर्टाला चार भोकांचं बटण लावणं. दुहेरी केल्यावर हातभर राहील एवढाच दोरा घ्यायचा, कारण जास्त लांब घेतला की प्रत्येक टाक्याला गुंता होतो. गाठ कापडाच्या आतल्या बाजूला. बटणावर काडेपेटीची एक काडी आडवी धरायची आणि टाके तिच्यावरून घालायचे, भोकांच्या प्रत्येक जोडीत तीन-चार. मग काडी काढून बटण वर ओढलं की बटण आणि कापड यांच्यामध्ये दोऱ्याची सैल मान तयार होते. तिच्याभोवती दोरा पाच-सहा वेळा घट्ट गुंडाळायचा, सुई मागे न्यायची, गाठ मारायची. ही मान ठेवली नाही तर काजाची पट्टी बटणाखाली मावत नाही, कापडाला चुणी पडते आणि रोजच्या ओढाताणीत बटण पुन्हा तुटतं, नाहीतर कापडच फाटतं.

सांगायला दोन मिनिटं लागली. आता हेच वर्गात करून पाहा. तास ४० मिनिटांचा, मुलं ४०. सुया मोजून वाटायला पाच मिनिटं, मोजून परत घ्यायला पाच, कारण सुई हरवून चालत नाही. राहिली ३० मिनिटं. शिक्षक एकच. म्हणजे एका मुलामागे ४५ सेकंद. दहा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा सुईत दोरा ओवायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. आणि समजा सगळ्यांचं बटण लागलं, तरी वर्षभरात ते काम पुन्हा येणार नाही. दोन वर्षांनी मुलाला एवढंच आठवेल की आपण हे एकदा केलं होतं.

घरी दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत एखादं काम आठवड्यातून एकदा मुलाकडे असेल, तर ते चारशेहून अधिक वेळा होतं. कोणतीही शाळा, कितीही सुसज्ज असो, ही गिनती देऊ शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की ही वाटणी विषयांवरून करू नये. स्वयंपाक घराचा, पैसा शाळेचा, प्रथमोपचार आणखी कुणाचा, अशी यादी केली की ती अर्ध्यावर अडकते. वाटणी करताना दोन गोष्टी विचाराव्यात. हे काम आयुष्यात कितीदा येतं? आणि ते घरात बरोबर केलं जातं का? रोज किंवा दर आठवड्याला येणारं काम घराचं. क्वचित येणारं पण चुकलं तर महागात पडणारं, किंवा घराघरांत चुकीच्या पद्धतीने चालत आलेलं काम शाळेचं. या कसोटीवर बहुतेक वाद मिटतात. जे मिटत नाहीत त्यांच्याकडे पुढे येतो.

त्याआधी शब्दाचा एक घोळ. 'जीवनकौशल्ये' म्हटलं की शाळांच्या डोळ्यांसमोर जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात केलेली दहा कौशल्यांची यादी येते: निर्णय घेणं, समस्या सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, प्रभावी संवाद, परस्परसंबंध, स्व-जाणीव, समानुभूती, भावना हाताळणं, ताण हाताळणं. यादीत गैर काही नाही. फक्त तिच्यात सुई नाही, पाना नाही, औषधाचं माप नाही. शिवाय ती भिंतीवर लावायला सोयीची आहे. दहा रंगीत फलक लागले की शाळेचं काम झालं. (दोऱ्याचा गुंता पाचव्यांदा सोडवणारं मूल ताण हाताळायला शिकतच असतं, पण त्याचा फलक करता येत नाही.) इथे मी बोलतोय ते हाताने करायच्या कामांबद्दल आणि रोजच्या व्यवहारांबद्दल.

आधी घराकडे वळू, कारण सवडीची सबब तिथेच जास्त ऐकू येते.

घरात मुलांना 'मदत' करायला लावतात, 'काम' देत नाहीत. कपडे धुण्याचंच घ्या. मोठ्यांनी सांगितल्यावर कपडे यंत्रात टाकणं ही मदत झाली. कामाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होते. टोपली भरली हे आपणहून लक्षात यायला हवं. खिसे तपासायला हवेत, कारण एक कागदी रुमाल राहिला तर गडद कपड्यांवर पांढरी लव चिकटते. कपड्याच्या चेन लावून घ्यायच्या, नाहीतर त्या शेजारच्या कपड्याचे धागे ओढतात. नवा गडद कपडा पहिली दोन-तीन धुणी वेगळा ठेवायचा. ड्रम गच्च भरायचा नाही. वर पंजा सहज जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. पावडर पाकिटावर सांगितलेल्या मापानेच. जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छता अशी समजूत मुलं फार लवकर करून घेतात, मोठ्यांतही ती कमी नाही. उलट फेस वाढला की कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत आणि पावडर पाण्याबरोबर पूर्ण निघत नाही, मग कपडा वाळल्यावर कडक लागतो. यंत्र थांबल्यावर ओले कपडे तासन्‌तास आत राहिले की कुबट वास येतो आणि सगळं पुन्हा धुवावं लागतं. शेवटी वाळत घालणं, काढणं, घड्या आणि कपाट.

या साखळीतला एकच दुवा दिला तर मूल तो दुवा शिकतं. साखळी मोठ्यांच्याच डोक्यात राहते. 'सांगितलं की करतो, पण आपणहून काही करत नाही' ही तक्रार याच व्यवस्थेतून येते.

साखळी सोपवायची कशी? बहुतेक लोक पहिल्या पायरीपासून सुरुवात करतात आणि मूल तिसऱ्या पायरीवर कंटाळतं. शेवटच्या पायरीपासून उलट येणं जास्त चालतं. आधीचं सगळं मोठ्याने करायचं आणि फक्त घड्या कपाटात ठेवणं मुलाकडे. ते अंगवळणी पडलं की घड्या घालणं. मग वाळलेले काढणं, मग वाळत घालणं, मग यंत्राची कळ, आणि सगळ्यात शेवटी टोपलीवर नजर ठेवणं. यात प्रत्येक वेळी काम पुरं करण्याचं समाधान मुलाला मिळतं आणि नवीन पायरी नेहमी ओळखीच्या पायरीला जाऊन मिळते. बुटाची नाडी बांधायलाही असंच शिकवतात: गाठ मोठ्याने मारायची, शेवटचे फास तेवढे मुलाने ओढायचे, मग एक पायरी मागे.

वेळेचा हिशेब पालक चुकीच्या ठिकाणी करतात. दहा मिनिटांच्या कामाला मुलाला सुरुवातीला अर्धा तास लागतो हे खरं. पण तो अर्धा तास पहिल्या चार-सहा खेपांचा. पुढची काही वर्षं दर आठवड्याचा तुमचा वेळ वाचतो तो हिशेबात धरला जात नाही. चूक होते ती मुहूर्ताची. शाळेची बस यायला पंधरा मिनिटं असताना मुलाला डबा भरायला शिकवू नये. तिथे संयम सुटणार हे ठरलेलंच. सुट्टीच्या दुपारी, जेव्हा उशीर झाला तरी कुणाचं काही अडत नाही, तेव्हा सुरुवात करावी.

दुसरी चूक अधिक बारीक आणि अधिक घातक आहे. मुलाने घातलेल्या घड्या त्याच्या मागे पुन्हा नीट घालणं. मुलांना ते कळतं, दरवेळी कळतं. आपलं काम खोटं आहे, खरं काम नंतर होतं, हे एकदा कळलं की तो विषय संपला. घडी वाकडी राहिली तर तो वाकडा शर्ट घालून बाहेर जायचं, एवढी किंमत पुरेशी आहे.

आणि बक्षीस देऊ नये. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अठरा महिन्यांची मुलं अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू, कुणी न सांगता, उचलून देत होती. २००८ सालच्या दुसऱ्या प्रयोगात वीस महिन्यांच्या मुलांपैकी ज्यांना मदतीबद्दल वस्तूरूपाने बक्षीस मिळालं, ती पुढच्या टप्प्यात बक्षीस न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करू लागली. म्हणजे इच्छा मुळात असते. दीड वर्षाचं मूल झाडू ओढत येतं तेव्हा आपण त्याला बाजूला करतो, कारण केर पसरतो. बाराव्या वर्षी त्याच हातात झाडू द्यायला जातो तेव्हा ते म्हणतं, मीच का?

खाऊच्या पैशांचा आणि घरकामाचा संबंध जोडू नये तो याच कारणाने. पैसे ठरलेल्या वारी द्यावेत. लहान मुलाला आठवड्याने, कारण महिना ही मुदत त्याच्या डोक्यात मावत नाही. रक्कम लहान असावी, पण तिच्यातून काय घ्यायचं हे खरोखर त्याच्याकडे असावं. आणि पैसे बुधवारी संपले तर पुढच्या वारापर्यंत उचल देऊ नये. उचल देणारे पालक मुलाला नेमकं तेच शिकवतात जे पुढे क्रेडिट कार्डाची कंपनी शिकवते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग घरावरच सोडा. तसं करता येत नाही, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण मुलगी-मुलगा हे आहे. घरांवर सोडलं की कामं वाटली जातात ती मुलाच्या वयावरून कमी आणि मुलगी की मुलगा यावरून जास्त. भाऊ-बहीण एकाच छताखाली वाढतात. एकीला शेगडी येते, दुसऱ्याला फार तर फ्यूज. जपानमध्ये माध्यमिक शाळांत दीर्घकाळ मुलांना तंत्रकाम आणि मुलींना गृहशास्त्र अशी वाटणी होती. कनिष्ठ माध्यमिकमध्ये १९९३ पासून आणि उच्च माध्यमिकमध्ये १९९४ पासून गृहशास्त्र मुलगे-मुली दोघांनाही सक्तीचं झालं. ही वाटणी मोडायला शाळेचं वेळापत्रक लागलं. फिनलंडमध्ये सातवीत गृहशास्त्र सगळ्यांना असतं आणि त्याचे तास सहसा जोडून घेतात, कारण चाळीस मिनिटांत काही शिजवून, खाऊन, भांडी घासून होत नाही. वर केलेला ४५ सेकंदांचा हिशेब तिथल्या शाळांनी असा सोडवला आहे.

फिनलंडला या बाबतीत परंपरा आहे. उनो सिग्नेयस यांच्या पुढाकाराने १८६६ साली तिथल्या लोकशाळांत हस्तकाम हा विषय आला, आणि पुढे स्वीडनमध्ये नेस या ठिकाणी ओटो सालोमोन यांनी शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण देणारी संस्था चालवली. 'स्लॉइड' म्हणतात त्या पद्धतीला. तिच्यातली एक गोष्ट आजच्या 'प्रकल्पां'नी उचलण्यासारखी आहे. मूल सुटे सराव करत नाही. पहिल्या दिवसापासून घरात वापरता येईल अशी एक पूर्ण वस्तू बनवतं. वस्तूंची मालिका सोप्याकडून अवघडाकडे जाते आणि पहिलं महत्त्वाचं हत्यार असतं चाकू. आज शाळांना चाकूची भीती वाटते. पण बोथट चाकूने धारदार चाकूपेक्षा हात जास्त कापतो, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला चाकू घसरतो. चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं, गोल वस्तू आधी अर्धी कापून सपाट बाजू खाली, धरलेल्या हाताची बोटं आत वळवलेली आणि अंगठा त्यांच्या मागे. एवढं पाळलं तर आठ-नऊ वर्षांचं मूल मोठ्यांच्या नजरेखाली चिरायला लागू शकतं. हेही रोजचं काम, म्हणजे घराचंच. शाळेने पकड बरोबर आहे ना तेवढं पाहावं.

शाळेचा खरा प्रांत वेगळा आहे. जे घरात सरावासाठी घडवून आणता येत नाही, आणि जे चुकीचं शिकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब कसा द्यायचा हे कुणी घरी शिकत नाही. छातीच्या मध्यभागी, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देत. श्वास देण्याचं प्रशिक्षण असेल तर ३० दाबांमागे २ श्वास. नवखे लोक चुकतात ते दोन ठिकाणी: दाब उथळ देतात, आणि हात वर उचलताना छातीवर रेलून राहतात. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर करूनच येतं. शाळांत छातीदाब शिकवा असं सांगणाऱ्या 'किड्स सेव्ह लाइव्ह्ज' या आवाहनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली पाठिंबा दिला. त्यात मागणी आहे ती वयाच्या बाराव्या वर्षापासून दरवर्षी फक्त दोन तासांची. दरवर्षी, कारण हे कौशल्य काही महिन्यांतच ओसरायला लागतं. डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांत हे सक्तीचं केलं, शिवाय वाहन परवान्याच्या प्रशिक्षणातही आणलं. तिथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांना जवळच्या माणसांनी छातीदाब देण्याचं प्रमाण २००१ मध्ये सुमारे २१ टक्के होतं, ते २०१० मध्ये सुमारे ४५ टक्क्यांवर गेलं. ३० दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण याच काळात ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय शाळांचं नाही, रुग्णवाहिका आणि रुग्णालयंही त्या दशकात सुधारली. तरीही दोन तासांच्या गुंतवणुकीच्या बाजूने यापेक्षा भक्कम पुरावा मागायचा तरी कोणता?

भाजलं तर काय करायचं, हा दुसऱ्या प्रकारचा विषय. घराघरांत याची उत्तरं आहेत आणि त्यांतली बरीच चुकीची आहेत: टूथपेस्ट, लोणी, बर्फ. बरोबर उत्तर कंटाळवाणं आहे. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. अंगठी, घड्याळ, पट्टा लगेच काढायचा, कारण सूज आल्यावर निघत नाही. चिकटलेलं कापड ओढायचं नाही. पेस्ट किंवा लोणी आतली उष्णता कोंडून ठेवतं आणि पुढे डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं. बर्फाने आधीच दुखावलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा आणखी आक्रसतो. आजी-आई-मुलगी अशी चुकीची माहिती चालत येते तेव्हा ती साखळी तोडायला घराबाहेरचंच कुणीतरी लागतं.

पेटलेल्या तेलाचंही तसंच. आच बंद, वर झाकण, भांडं हलवायचं नाही, पाणी अजिबात नाही. 'पाणी टाकू नका' असं नुसतं सांगितलं तर घाबरलेल्या क्षणी ते आठवत नाही, कारण आग म्हणजे पाणी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पाणी तेलापेक्षा जड म्हणून तळाला जातं, तेल शंभर अंशांच्या कितीतरी वर तापलेलं असतं, पाण्याची क्षणात वाफ होते आणि एक लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते. ती जळतं तेल घेऊन बाहेर उसळते. हे शाळेच्या विज्ञानात घनता आणि अवस्थांतर या धड्यांत आहेच. फक्त कढईपर्यंत कुणी आणत नाही.

इथे मला शाळांशी खरं भांडण करायचं आहे. त्यांना नवा विषय नको, तासिका नाहीत, शिक्षक नाहीत, हे सगळं मान्य. पण नवा विषय मागतंय कोण? आम्ल आणि क्षार शिकवताना संडास साफ करायचं आम्लयुक्त द्रावण आणि ब्लीच एकत्र केलं की क्लोरिन वायू सुटतो हे सांगायला एक वाक्य लागतं. दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, आणि 'दोन्ही टाकलं तर दुप्पट स्वच्छ' हा तर्क कुणालाही सुचेल असाच आहे. विजेची शक्ती शिकवताना २००० वॅटचा हीटर पाव तास चालला तर अर्धं युनिट, हे उदाहरण पुस्तकातल्या दिव्याइतकंच सोपं आहे. गुणोत्तर-प्रमाण शिकवताना मजूर आणि दिवस पुरे झाले. मुलाच्या वजनावरून औषधाचे मिलिलिटर काढा, आणि जेवणाचा चमचा हे माप का नाही तेही सांगा. भाषेच्या तासाला दोन वेगवेगळ्या नावांच्या तापाच्या आणि सर्दीच्या औषधांची वेष्टनं वाचायला द्या. दोन्हींत पॅरासिटामॉल आहे हे मुलांनी शोधून काढलं तर आकलनाचा त्याहून चांगला उतारा कुठे मिळणार?

पैशाचं प्रकरण वेगळं, कारण तिथे पुरावा दोन्हीकडे खेचतो. फर्नांडिस, लिंच आणि नेटमायर या संशोधकांनी २०१४ साली आधीच्या २०१ अभ्यासांचा आढावा घेतला. आर्थिक शिक्षणामुळे माणसांच्या आर्थिक वागण्यातला जेमतेम ०.१ टक्का फरक समजावता येतो, आणि भरपूर तासांच्या शिकवणीचा परिणामही वीस महिन्यांत जवळपास विरतो, असं त्यांना दिसलं. त्यांची सूचना अशी की निर्णयाच्या तोंडावर शिकवा. २०२२ मध्ये कैझर, लुसार्डी आणि सहकाऱ्यांनी ७६ यादृच्छिक प्रयोगांचा (ज्यांत कुणाला शिकवायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं) आढावा घेतला आणि त्यांना परिणाम याहून बरा आढळला, मात्र ज्ञानावर जास्त, वागण्यावर कमी. माझा निष्कर्ष असा की शाळेने पैशाचं गणित शिकवावं आणि पैशाची सवय शिकवल्याचा दावा करू नये. 'महिन्याला फक्त २ टक्के' म्हणजे चक्रवाढीने वर्षाला २६.८ टक्के, आणि काहीच न फेडता ठेवलं तर ३५ महिन्यांत कर्ज दुप्पट, हे आकडे मुलांनी स्वतः १.०२ ला १.०२ ने गुणत काढावेत. नवव्या-दहाव्या गुणाकारापर्यंत कुणाला काही वाटत नाही. विसाव्यानंतर वर्गात कुजबुज सुरू होते.

एवढं सगळं मान्य करून शाळा पुढे आली तरी एक धोका उरतो, परीक्षा. 'बटण लावण्याच्या पायऱ्या लिहा (४ गुण)' असा प्रश्न आला की समजावं, विषय मेला. मुलं पायऱ्या पाठ करतील, मार्गदर्शिका निघतील, ज्याच्या हाताला सुई लागलेलीच नाही त्याला पैकीच्या पैकी मिळतील. दुसऱ्या टोकाला 'घरी करून आणा' हा प्रकार, ज्यात वस्तू पालक बनवतात आणि गुण मुलाला मिळतात. हाताच्या कामाचं मूल्यमापन वाहन परवान्याच्या चाचणीसारखं असावं. डोळ्यांसमोर करून दाखवायचं, येतं किंवा अजून येत नाही, येत नसेल तर पुन्हा या. श्रेणी नाही, क्रमांक नाही. वरच्या दोन तासांच्या छातीदाबाच्या सत्रात सहा मुलांमागे एक पुतळा असला तरी प्रत्येकाला दोन-दोन मिनिटांच्या काही पाळ्या मिळतात, आणि एका मुलाचा दाब दुसऱ्याने मोजायचा, तोही शिकतो.

फोन आणि पासवर्ड यांचं काय, असा प्रश्न येईल. तिथे वरची कसोटी अडकते, कारण ते रोजचंही आहे आणि घराघरांत चुकीचंही चालतं. बहुतेक घरांत पालकच एक पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात. मी ते शाळेकडे देईन, पण एका अटीवर: मुलाने घरी जाऊन एका मोठ्या माणसाच्या फोनवर दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) सुरू करून द्यायची. या एका विषयात मुलं घराला शिकवू शकतात आणि ती संधी वाया घालवू नये.

शेवटचा मुद्दा जागेचा. नळाची जोडणी फुटून घरात पाणी भरायला लागलं तर मुख्य झडप बंद करायची, एवढं शाळा शिकवू शकते. ती झडप तुमच्या घरात कुठे आहे, मोरीत, गच्चीवर की जिन्याखाली, आणि ती गंजून अडकली आहे का, हे शाळेला कधीच कळणार नाही. विजेच्या मुख्य कळीचं तेच, गॅसच्या झडपेचं तेच, औषधांच्या डब्याचं आणि शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या किल्लीचंही तेच. त्यावर उपाय एका कागदाचा आहे. शाळेने एक रिकामा तक्ता द्यावा: पाणी कुठे बंद होतं, वीज कुठे, गॅस कुठे, विजेची मुख्य कळ कोणत्या बाजूला ढकलली की बंद, कोणाला फोन करायचा. मुलाने मोठ्या माणसाला बरोबर घेऊन घरभर फिरावं, प्रत्येक झडप एकदा स्वतःच्या हाताने बंद करून उघडावी आणि तक्ता भरावा. वीस मिनिटं लागतात. एखादी झडप अडकलेली निघाली तर जास्त, आणि ती दुरुस्त करून घ्यावी लागेल. तो तक्ता शाळेत तपासायला आणायचा नाही. घरातल्या कुठल्या तरी कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने, चिकटवायचा.